सोहनशेठांची भट्टी

सोहनशेठ कुणाच्याही घरी गेले की आधी विजेचं मीटर बघतात. माझ्या पुतणीसाठी स्थळ पाहायला त्यांना सोबत नेलं, तर मुलाच्या बापाला पहिलाच प्रश्न, "तुमना घरमा थ्री फेज शे का?" त्यांच्याकडे ते होतं. शेठ इतके भारावले की मुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

शहाद्यात त्यांचं भांड्यांचं दुकान, समोर माझं घर. पूर्वज मारवाडातून आलेले, पण शेठ बोलणार अहिराणीच. त्यांना विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी घ्यायची आहे. नवी भांडी घेताना लोक घरची जुनी पितळी भांडी मोडीत देतात. ती वितळवून हौसेखातर घंटा ओतायच्या, असा बेत. मागची खोली मोडीनं गच्च भरली आहे. मोडवाला आला की शेठ त्याला दारातूनच परत पाठवतात, "भट्टी ई ऱ्हायनी!"

ती कित्येक वर्षं येतेच आहे. लहान भट्टीची मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, पाहून शेठ म्हणाले, "हाईमा घंटा नही, घुंगरू व्हई." मोठी घेतली तर गल्लीतले दिवे मंदावतील. एकीच्या तांब्याच्या नळीतून सतत पाणी फिरवावं लागतं, म्हणून "पानी कितलं पेस!" आणि बिनपाण्याची असेल तर ती तापणार. मी लोणखेड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. तरी आणखी एका भट्टीच्या नळीला वेढे किती असावेत हे त्यांनी मला विचारलं, आणि मीही बेधडक सांगून टाकलं. त्यावर तीही भट्टी बाद झाली.

त्यांचा मुलगा पंकज वैतागला. त्याला ती खोली नॉनस्टिकच्या मालासाठी हवी होती. अखेर त्यानंच भट्टी मागवली, थ्री फेज घेतलं, पाण्याचा पंप जोडला आणि सगळं अंगणात मांडून म्हणाला, "बाबूजी, आते सुरू करा. नहीतर मी मोडवालाले बलावस."

शेठांनी आधी एक तुटका नळ मुशीत टाकला. जरा वेळानं पांढरा धूर निघाला, नळ वितळला, आम्ही टाळ्या वाजवल्या. शेठांचा चेहरा मात्र पडला. भट्टीत खोट सापडेना.

मग पंकजनं खोलीतून एक हंडा आणला आणि कापायला करवत उचलली. शेठांनी हंडा त्याच्या हातून ओढून घेतला. काठावर नाव कोरलेलं होतं.

"हाई सखूबाई. लगीनमा मामानी हंडा दिधा, नाव मी कोरं. बाई गयी, आन लगेच हंडा मोडमा उना. आते मीच पुसू का तिनं नाव?"

आहेराच्या भांड्यांवर नावं घालायचं काम तरुणपणी शेठांचंच होतं. मी खोलीत डोकावलो. हंडे, कळश्या, पराती, आणि प्रत्येकावर कुणा ना कुणा बाईचं नाव. ज्यांना त्यांच्या घरचे लोक विसरले, त्या सगळ्या इथे येऊन राहिल्या होत्या.

पंकजनं करवत खाली ठेवली. मग त्यानं बटण बंद केलं.

"बाबूजी, हाई भट्टी काही आपला कामनी नही," तो हळूच म्हणाला. "दुसरी देखूत."