खांदे सोडा

आमच्या तालुक्यात वाईट पद्धतीने धावणारा माणूस मागे जातो. पद्धत जितकी वाईट, तितका तो जास्त मागे जातो. चालणाऱ्याला हा नियम नाही, म्हणून आम्ही बहुतेक जण चालतोच. पळायची पाळी आलीच तर आधी खांदे सोडतो, मुठी उघडतो, नजर पायांवरून काढून समोर ठेवतो आणि मगच पाऊल उचलतो. एवढ्यात एसटी निघून जाते, पण निदान आपण आदल्या थांब्यावर जाऊन पडत नाही.

दौलत जगदाळेला मात्र त्या दिवशी खांदे सोडणं जमण्यासारखं नव्हतं. त्याची बायको वैजयंता नदीपलीकडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. दुपारी फोन आला, की मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबत नाही; इथलं रक्त संपलंय, तुमचा गट जुळतो, ताबडतोब या. पूल दुरुस्तीला काढल्यामुळे गाड्या बंद होत्या आणि चालत जायला फार वेळ लागला असता. दौलतने आपली पिठाची गिरणी तशीच चालू टाकली आणि पळत सुटला.

घाबरलेला माणूस धावतो तसाच तो धावला. खांदे कानांपर्यंत, मुठी आवळलेल्या, हात छातीवरून आडवे आणि टाच शरीराच्या कितीतरी पुढे आपटत. बघता बघता तो उलट्या बाजूला, शाळेपाशी येऊन पोचला. जितकं जीव तोडून धावावं तितका दवाखाना लांब जात होता. रस्त्यावरचे लोक आम्ही नेहमी ओरडतो तेच ओरडले, "खांदे सोडा!" हे ऐकून कुणाचे खांदे सुटल्याचं अजून ऐकिवात नाही.

शाळेच्या फाटकात घोरपडे बाईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण अर्ध्या तालुक्याला धावायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी त्याच्या मुठी उघडल्या. त्या पुन्हा मिटल्या. पाऊल शरीराच्या खाली पडू दे, कंबरेतून वाकू नको, त्या सांगत राहिल्या.

"बाई, ती मरंल," दौलत म्हणाला.

बाईंनी हात काढून घेतला. आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्याला सांगितलं. "मग भीती सोडू नकोस. दवाखान्याकडं पाठ कर, आणि पळ."

दौलतने पाठ केली आणि पळाला. गिरणी मागून आली आणि समोर लहान होत गेली. पुलाच्या अरुंद फळ्यांवर लोक कठड्याला चिकटून उभे राहिले. मध्यावर आल्यावर त्याला वाटलं, आता पोचतोय आपण. तेवढ्या आशेने डावी मूठ सैल झाली आणि तो चार पावलं गावाकडे घसरला.

मग त्याने वैजयंता नसलेलं घर डोळ्यांसमोर आणलं. दोरीवर वाळत घातलेली तिची साडी. ती आता कुणी काढायची, हा प्रश्न. मूठ आवळली गेली. हे त्याने मुद्दाम केलं, आणि याहून वाईट काम त्याने जन्मात केलेलं नाही.

तो पाठमोराच दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी पोचला. नर्स बाहेर उभी होती. तिने त्याच्या पाठीलाच सांगितलं, की कंपाउंडरचा गट जुळला, त्यांनी रक्त दिलं, दोघी सुखरूप आहेत.

दौलतचे खांदे खाली आले. मुठी उघडल्या. तो घोट्यांतून जरासा पुढे झुकला, पाऊल बरोबर शरीराच्या खाली पडलं, कोपरं सरळ मागे गेली. थांबायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. रडत रडत त्याने पूल ओलांडला, गिरणी मागे टाकली. शाळेपाशी घोरपडे बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. सुधारण्यासारखं काही नव्हतं.

खाटेवरून वैजयंताला खिडकीतला रस्ता दिसत होता. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला असं धावताना पाहिलं नव्हतं. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग मुलीला जवळ ओढून अशक्त आवाजात नर्सला म्हणाली, "त्यांना फोन लावा. येताना चालत या म्हणावं."