यमुताईंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या

पियानो आणि प्रेशर कुकर एका रचनेत बसवणारा नागपुरातला पहिला माणूस मी, हे आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या कोणी दावा केलाच, तर माझ्याकडे रजिस्टर आहे.

तेहतीस वर्षं सरकारी गोदामात स्टोअरकीपर होतो. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे दाखवत फिरतात, मी पियानो आणला. एका बंद पडलेल्या शाळेनं भंगारात काढलेला. एकूण पट्ट्या अठ्ठ्याऐंशी, चालू एकसष्ट, बंद सत्तावीस. माझी मुलगी वैभवी म्हणाली, "बाबा, आजकाल पियानोसोबत घरातले, रस्त्यावरचे आवाज रेकॉर्ड करून जोडतात. त्यात सूर चुकला तरी कोणाले समजत नाही." शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी त्याच दिवशी संगीतकार झालो.

बायकोचं मत वेगळं होतं. "अवो, जागा अडवून राहिलं ते धूड," प्रेमिला म्हणाली. "दिवाळीत फराळाचे डबे तं ठेवता येतीन ना त्याच्यावर?"

आवाजांचं मी रीतसर स्टॉक रजिस्टर काढलं. कूलरचा पंप, एक. संत्र्याच्या पेटीला खिळे ठोकणे, नरखेड, सात ठोके. भावाच्या विहिरीवरची मोटर, चालू होताना. आणि सगळ्यांत वरचा माल म्हणजे कुकरची शिट्टी, तीन नग. आमच्या कुकरची नाही, तो शिट्टी मारत नाही, उसासे टाकतो. ही शिट्टी शेजारच्या यमुताईंच्या कुकरची. माझ्या एकसष्ट पट्ट्यांपैकी सर्वांत धडधाकट पट्टीशी तिचा सूर तंतोतंत जुळायचा. आमची आणि त्यांची स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडतात. खिडकीत मोबाईल धरला आणि माल जमा करून घेतला.

यमुताई पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात. मुलगा गौरांग हैदराबादला. स्वयंपाक झटपट, बोलणं त्याहून झटपट. कुकर लावायचा, पुढच्या खोलीत पोथी घेऊन बसायचं, तीन शिट्ट्या मोजायच्या आणि उठून गॅस बंद करायचा. बावीस वर्षांचा शिरस्ता.

प्रेमिला दहाला प्रताप नगरला नातवाजवळ जाते, म्हणून माझा सराव साडेदहाला. पियानो हॉलमध्ये, स्पीकर मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत, कारण डक्टमध्ये आवाज असा घुमतो की विचारू नका. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

एक दिवस यमुताई जिन्यात भेटल्या. "रुपरावजी, डाळ शिजून नाही राहिली हो. तीन शिट्ट्या होतात अन् दाणे टणटणीत."

"रिंग बदला," मी तज्ज्ञासारखं सांगितलं.

त्यांनी रिंग बदलली. डाळ कच्चीच. "आता शिट्टीच बदलते," त्या म्हणाल्या. सूर बदलला तर माझ्या रचनेचं काय?

"शिट्टीले हात लावू नका," मी म्हणालो. "डाळ बदला."

त्यांनी डाळ बदलली, दुकान बदललं. शेवटी शिट्टीमागे एक चिंचोका पोथीशेजारी ठेवायला लागल्या. चिंचोके तीन, डाळ कच्ची. "बाकी सगळं बदललं," त्या एकदा हळूच म्हणाल्या. "आता मोजणारीच बिघडली असणार."

शुक्रवारी प्रेमिलानं बातमी आणली. गौरांग आला होता, आईला कायमची घेऊन जायला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी. जाण्याआधी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं.

शनिवारी गेलो, तर हॉलमध्ये दोन बॅगा बांधून तयार. यमुताईंनी फ्लॅटची चावी प्रेमिलाच्या हातात ठेवली. "तिथं कुकर सून लावते. मी नुसतं बसायचं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं सुतारकाम अजून चालूच आहे का हो? सकाळभर ठोकाठोक ऐकू येते."

सुतारकाम. माझा पियानो! मी अपमान गिळत भिंतीकडे बघितलं. तिथे दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर होतं आणि त्यावर लाल फुल्या.

"त्या कच्च्या डाळीच्या," गौरांग म्हणाला. "परवा तर काका, कुकर लावायचाच राहिला होता, तरी आई फोनवर म्हणते, तीन शिट्ट्या झाल्या. डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे."

मी फुल्या वाचल्या. सोमवारी फुली. मंगळवार कोरा, त्या दिवशी प्रेमिला घरी होती, सराव नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार फुली. रजिस्टरातल्या सरावाच्या तारखा माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून उभ्या राहिल्या. तेहतीस वर्षांत गोदामाचा ताळमेळ इतका बिनचूक कधी लागला नव्हता.

गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. गाडी सहाला होती, कार्यक्रम उद्या. पण यमुताई पोथीशेजारचे चिंचोके वाटीत भरून प्रेमिलाला देत होत्या. "घ्या, मला आता काय मोजायचं आहे?"

"कुकर लावला काय?" मी विचारलं.

"आत्ताच. आज गौरांग मोजणार आहे."

"आलोच," म्हणून मी उठलो.

"आता कुठं चालले गा?" प्रेमिला ओरडली. चिडली की ती मला 'गा' म्हणते.

घरी जाऊन स्पीकर लावला, तीन शिट्ट्या सोडल्या आणि स्पीकर तसाच काखेत मारून परत आलो. गौरांग गॅस बंद करून ओट्याशी उभा होता. "झाल्या तीन, नीट मोजल्या मी," तो सांगत होता. झाकण उघडलं. पाण्यात डाळ मोत्यासारखी चमकत होती.

मी टेबलावर स्पीकर ठेवला आणि बटण दाबलं. एक. दोन. तीन.

यमुताई स्टुलावर बसल्या, पदर तोंडाला लावला. रडतात की काय म्हणून मी हात जोडले. पदर बाजूला झाला तर बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे मी ठीक आहे?"

"तुमी ठीक आहा वं ताई," प्रेमिला माझ्याकडे बघत म्हणाली. "बिघडलेलं आमच्या घरात आहे."

गौरांगनं मोबाईल काढून एक तिकीट रद्द केलं. बॅगा उघडल्या. चिंचोके परत गेले, चावीही गेली. डाळ पुन्हा लावली, या वेळी खऱ्या शिट्ट्यांवर, आणि अशी शिजली की मी तीन वाट्या खाल्ल्या.

रविवारी यमुताई पहिल्या रांगेत होत्या. बारा मिनिटांची रचना. कूलर घरघरला, पेटीवर खिळे पडले, चौथ्या मिनिटाला शिट्ट्या आल्या. तिसरी वाजली आणि हॉलमधल्या झाडून सगळ्या बायकांचे उजवे हात गॅसचं बटण फिरवल्यासारखे आपोआप वळले. मी धन्य झालो आणि पुढची आठ मिनिटं नुसता पियानो वाजवला.

संपल्यावर थेट यमुताईंकडे गेलो. "कसं वाटलं?"

त्यांनी नीट विचार केला. "तिसऱ्या शिट्टीपर्यंत छान होतं, रुपरावजी. त्यापुढे उगाच गॅस जाळला."

रजिस्टरात अभिप्रायाचा रकाना आहे. त्यात ते जसंच्या तसं उतरवलं. खाली साक्षीदार म्हणून प्रेमिलानं न मागता सही केली.