वामनकाकांची अर्धी बियर

सख्ख्या पुतणीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, आमच्या शेजारच्या वामनकाकांनी मुठीतल्या अक्षता माझ्या हातात कोंबल्या आणि घराकडे धूम ठोकली. कारण काय, तर ज्वारी उलटायची वेळ झाली होती!

काकांनी दूर शहरात, एका बियरच्या कारखान्यात, धान्याला मोड आणायच्या खात्यात तीस वर्षं काढली. स्वतः थेंबाला शिवले नाहीत. पण निवृत्त होऊन आखाडा बाळापूरला आले ते कारखाना डोक्यात घेऊनच. कुणी सहज "काय चाललंय?" म्हटलं की सुरू. "दाणे भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचं. गरम पाण्यात घातलं की गोड रस. त्यात कडू फुलं उकळायची, थंड करून खमीर सोडायचं. गोडी खमीर खातंय, नशा लोकं पितेत. बराबर?" समोरच्याने "बराबर" म्हटल्याशिवाय सुटका नसे.

तेव्हा दिवाळीनंतर त्यांच्या ओसरीत ओल्या गोणपाटावर ज्वारी पसरलेली दिसली आणि गावाने समजायचं ते समजून घेतलं. दोघे-तिघे तर रिकामे तांबे घेऊन चौकशीला आले. शेवटी पोलीस ठाण्यातून जमादार आले. काकांनी त्यांना पेलाभर रस पाजला, भाषणासकट.

"हे तर गोड हाय!"

"मंग? अर्धीच बियर हाय ही. म्होरचं करायचंच न्हाई."

जमादार बिचारे हिरमुसून गेले.

खरी गोष्ट आत खाटेवर होती. लकवा मारल्यापासून शकुंतलाकाकूंचं बोलणं गेलं होतं, चावता येत नव्हतं. डॉक्टरांनी दिलेली डब्यातली पावडर त्या थुंकून टाकत. जन्मभर भाकरीवर वाढलेली बाई, डोळ्यांदेखत वाळत चालली होती. काकांनी ठरवलं, हिला ज्वारीच द्यायची, पण पिता येईल अशी.

पहिला घाणा बुरसला. दुसरा चुलीवर वाळवताना करपला. तिसऱ्याला पाणी फार कढत झालं, रसाला गोडीच येईना. ज्वारी दर चार तासांनी उलटायची, नाहीतर मोड तापतात, मुळ्या गुंततात. वाळल्यावर कोंब चोळून पाखडून टाकायचे, ते पोटाला वाईट. माझीच चिडचिड व्हायची.

"काका, साधी पेज द्या की!"

"देली. थुकली. आन् मी काहून सोडू? तीस वर्षं लोकाइसाठी केलं, तवा ही इथं एकटी राह्यली."

सातव्या घाण्याला मी तिथेच होतो. काकांनी कोमट रसाचा चमचा काकूंच्या ओठाला लावला. त्यांनी गिळला. दुसरा गिळला. तिसऱ्याला त्यांनी चमचाच ओठांत घट्ट धरला, सोडेचनात. काकांच्या एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"सोड की वं," ते कसेबसे म्हणाले, "सोडशील तवा भरून देईन ना."