गुरुवारच्या वाकळा

ऐक गड्या, मधी बोलू नगं, नुसतं ऐक. आपली दीपमाला हाय न्हवं, वडूजला कॉलेज करून गावात परत आलेली? तिनं जुन्या डेअरीच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांसाठी धुलाई केंद्र काढलंय. ज्यांच्या हातात पिळायचं बळ न्हाई, ज्यांची पोरं लांब नोकरीला हायती, त्यांची कापडं ती घरनं आणती, धुती, वाळवती आन् घडी घालून पोचवती. मशीन एवढं थोरलं की आत रेडकू उभं ऱ्हाईल! फिराय लागलं की शेजारच्या गिरणीतलं पीठ आपोआप चाळून निघतं!

सोमवारी साधी कापडं. आन् गुरुवारी निस्त्या वाकळा, म्हंजी जुन्या कापडाच्या गोधड्या. आता वाकळा कशापायी येत्यात, हे तुला सांगाय नगं. वय झालं की रातचं अंथरूण ओलं व्हतं, माणूस काय करणार? पण लाज वाटती गड्या. म्हणून दीपमालानं शक्कल काढली. वाकळेवर नाव न्हाई, नंबर न्हाई. कोपऱ्यात आतल्या अंगाला रंगीत दोऱ्याचा एकच टाका. कुणाचा दोरा कुठला, ते तिला ठावं आन् तिच्या वहीला. ती छाती फुगवून सांगायची, की साक्षात पोलीस आलं तरी कुठली वाकळ कुणाची, ते सांगता येणार न्हाई!

तरी एक माणूस तिच्या हाताला लागंना. नाथाजी सुभेदार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अजून चालतो कसा, तर छडी काखंत मारून, परेड चालल्यागत. छत्रीवाल्या पलटणीतला माणूस, विमानातनं उड्या मारलेला! बायकू लीलाबाई गेल्यापासनं एकटाच. पहाटं उठून स्वताची वाकळ स्वताच हापशावर धुवायचा. आता ओली वाकळ म्हंजी काय चेष्टा हाय? बुडालेली म्हैस वर काढल्यागत वजन! एक दिवस घसरला, मनगट मोडलं. तवापासनं वाकळ धुणंच बंद. दीपमाला तीन महिनं रोज त्याच्या दारात. शेवटी तो कबूल झाला, पण एका अटीवर. म्हणाला, "पोरी, गावाला कळलं तर मी ह्या गावात ऱ्हाणार न्हाई. सरळ पोराकडं जाईन, परत येणार न्हाई."

दीपमालानं छातीवर हात ठेवून शब्द दिला. कोपऱ्यात लाल टाका घातला आन् वाकळ नेली.

आन् त्याच गुरुवारी डेअरीमागची वाळवणाची तार तुटली!

मशीनमधनं सोळा वाकळा निघालेल्या, थबथब गळत्यात. ऊन कुठं? तर शाळेच्या लांब भिंतीवर. शाळेची भिंत कुठं? तर बाजाराच्या पटांगणाला लागून. बाजार कवा? गुरुवारी! पण दीपमाला निवांत. नाव न्हाई, नंबर न्हाई, दोरा आतल्या अंगाला, मग भ्यायचं कशाला? तिनं सोळाच्या सोळा वाकळा भिंतीवर पसरल्या आन् कौतुकानं बगत हुबी ऱ्हायली.

आता तूच सांग, वाकळ कशाची शिवत्यात? घरातल्या जुन्या लुगड्यांची, धोतरांची. आन् गावातल्या बायका एकमेकींची लुगडी विसरत्यात व्हय?

पहिली मंगलकाकी आली, हातात मेथीची जुडी. भिंतीम्होरं थबकली. एका काठाला बोट लावलं आन् म्हणाली, हे तर पाटलाच्या थोरलीचं हळदीचं लुगडं. दुसरी आली, तिनं शेजारचं निळं ठिगळ वळखलं. कुठल्या जत्रेत घेतलं, कुणाशी भांडून घेतलं, पहिल्यांदा नेसलं तवा पाऊस झाला का न्हाई, सगळं! गड्या, दीपमालाचं तोंड उघडं ते उघडंच. तिला वाटलं, आपण वाकळा न्हाई, गावाच्या जनमपत्रिका वाळत घातल्यात! धा मिनिटांत बायकांनी चौदा वाकळा वाचून काढल्या, घरं सांगितली, आन् हसाय लागल्या.

पंधरावी वाचली राहीबाईनं. वय ब्याऐंशी, डोळ्यांनी अंधूक, पण बोटांनी बगती. तिची बोटं हिरव्या मिलिटरी कापडावरनं फिरली. घरोघर फौजी, तसलं कापड निम्म्या गावाच्या वाकळंत हाय, त्याचं काय न्हाई. पण मधोमध आली आन् थांबली. तिथं पांढरं, रेशमागत गुळगुळीत चौकोनी ठिगळ. छत्रीचं कापड! आख्ख्या गावात ते एकाच घरात आलेलं. लीलाबाईनं ते मधोमध लावलेलं, देव्हाऱ्यात देव बसवावा तसं.

हसणं थांबलं. सगळ्यांना कळलं. दीपमालाला आपण दिलेला शब्द आठवला. आन् तिनं मान वळवली तर काय! एस्टी थांब्याकडनं नाथाजी सुभेदार येतोय. छडी काखंत, नजर सरळ. अजून भिंतीवर नजर गेली न्हवती. पाच-पंचवीस पावलं ऱ्हायली असतील.

वांगी मापणाऱ्याचा तराजू तसाच वर.

तो भिंतीपाशी आला. वाकळ दिसली. गड्या, विमानातनं उडी मारलेला माणूस, पण काखंतली छडी भुईला टेकताना दीपमालानं स्वताच्या डोळ्यांनी बगितलं.

तवा राहीबाईनं त्या ओल्या वाकळेचा कोपरा मुठीत धरला आन् ठणठणीत आवाजात म्हणाली, "ही माझी हाय. मी भिजवती रोज. म्हातारी झाली, काय करू?"

छत्रीचं कापड उन्हात चमकतंय, गाव सगळं बगतंय, आन् एक माणूस म्हणंना की आगं राहीबाई, तुझ्या घरात छत्री कुठली. मंगलकाकी काय मागं ऱ्हाती व्हय? तिनं शेजारची वढली, "ही माझी." मग तिसरी, मग चौथी. स्वता वळखलेली वाकळ सोडून भलतीच धराय लागल्या! पूजा, अवघी दोन वर्षं झाली लग्नाला, तिनंबी एक उचलली आन् म्हणाली, व्हय, माझीच. तिचा नवरा पलीकडं कांदं इकत व्हता. त्याच्या हातातनं कांदं सुटलं ते गडगडत पार चावडीपातूर गेलं!

सोळापैकी पंधरा वाकळा अशा भलत्याच घरांला गेल्या. वही घेऊन दीपमाला नुसती हुबी. सुभेदारानं सगळं बगितलं. फक्त राहीबाईम्होरं टाच जुळवली, कडक सलाम ठोकला आन् गेला. दीपमाला म्हणती, तसं काय तिनं उभ्या जन्मात बगितलं न्हाई. सांगताना अजून तिच्या अंगावर काटा येतो, हा बग, माझ्याबी आला!

झालं, लाज राखली, असं तिला वाटलं. भिंतीवर एकच वाकळ उरलेली, ती राहीबाईचीच, जांभळी, गुलाबी फुलांची. दिवेलागणीला तिनं ती गुपचूप सुभेदाराला नेऊन दिली.

सकाळी सुभेदार तिच्या दारात. डोळं तांबडंलाल. त्याला झोप न्हाई. म्हणाला, "पोरी, राहीबाईचे उपकार जन्मभर फिटायचे न्हाईत. पण लीलीच्या हातची तेवढी एकच हाय माझ्याकडं. तेवढी आणून दे."

दीपमाला पळत राहीबाईकडं. तिनं अंगणात वाकळ उन्हाला घातलेली, येणारा-जाणारा बगतोय. दीपमालानं सगळं सांगितलं. राहीबाईनं शांतपणं ऐकलं आन् मान हलवली.

"देती की. पण त्याच्या दारात ती वाळत पडली की गाव काय म्हणंल? म्हातारीनं त्याचं झाकलं म्हणंल. आज माझी म्हटली तर मरस्तवर माझीच पायजे, तरच त्याची अब्रू ऱ्हाती." मग ठिगळावरनं हात फिरवून हळूच म्हणाली, "आन् लय ऊब हाय गं पोरी हिला."

आता दीपमाला ह्या दोन घरांच्या मधी, रस्त्यावर हुबी हाय. वाकळ आणली तर सुभेदाराची अब्रू जाती, न्हाई आणली तर त्याची झोप. मी तिथनंच आलोय पळत. खरं सांग गड्या, तिच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?