एक्केचाळीस मार्कांची मयत

सकाळी नऊ वाजता लॉ सीईटीचा निकाल लागला आणि नऊ वाजून चार मिनिटांनी केशोरावांनी आयुष्यातलं पहिलं शहाणपणाचं वाक्य उच्चारलं. निदान त्यांच्या मुलीचं, नीतूचं, तरी असंच मत झालं.

"बस झालं आता. पुढल्या साली परीक्षा-बिरीक्षा काही नाई. उद्यापासून दुकानात बस."

एकशेवीसपैकी एक्केचाळीस. गेल्या वर्षी सेहेचाळीस होते. म्हणजे वर्षभर कामठ्याहून रोज गोंदियाला जाऊन, क्लास लावून, तीन मार्कर संपवून नीतूने स्वतःचे पाच मार्क घालवले होते. याच जिद्दीने आणखी आठ-नऊ वर्षं अभ्यास केला असता तर शून्याला सहज हात लागला असता.

तिने चेहरा शक्य तितका दुःखी केला आणि मान खाली घातली. खरं तर तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. केशोरावांचं बाजारात कृषी केंद्र होतं आणि नीतूचा सगळा जीव त्या दुकानात होता. कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कोणता धान चालतो, कोणाच्या जमिनीत पाणी थांबतं, कोणाला किती दिवसांचं वाण द्यायचं, हे तिला तोंडपाठ होतं. भारतीय संविधानाची कलमं मात्र तिच्या डोक्यात एक रात्रसुद्धा मुक्काम करत नसत. पण वडिलांनी दोन वर्षांपूर्वीच तिला वकील करून टाकलं होतं. गिऱ्हाइकंसुद्धा "वकीलबाई, दोन बोऱ्या युरिया द्या जी," असंच म्हणत.

केशोरावांना घरात वकील हवा होता, कारण त्यांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोर्टात होता. त्यांच्या आणि दुधरामच्या बांधीच्या मधोमध हातभर रुंदीचा एक धुरा होता. त्यावर दरवर्षी तूर लावायची कोणी, या प्रश्नावर गोंदियाच्या कोर्टात सोळा वर्षं विचार चालू होता. एवढ्या अवधीत त्या तुरीचं जे काही वरण झालं असतं, त्याहून जास्त चहा दोघांनी कोर्टासमोरच्या टपरीवर प्यायला होता.

"आज दुकान नाई खोलत मी," केशोराव म्हणाले. "कोनत्या तोंडानं जाऊ? अख्ख्या बाजाराले सांगून ठेवलं, पोरगी वकील होऊन राहिली म्हनून."

"अजी, बियाण्याचे दिवस आहेत," शामकला, नीतूची आई, डोळे पुसत म्हणाली. "लोक धानाच्या रोपाचे पऱ्हे टाकाले थांबले आहेत."

"थांबू दे."

त्यांनी मोबाइल बंद केला, समोरच्या खोलीत कूलर पूर्ण जोरात लावला, थंडाव्यासाठी उघड्या फरशीवरच आडवे झाले आणि कोणाला तोंड दिसू नये म्हणून पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली. रात्रभर निकालाच्या काळजीने ते जागेच होते. पाच मिनिटांत गाढ झोपले. शामकला उंबऱ्याशी बसून पदराने डोळे टिपत राहिली. तिला मुलीच्या मार्कांचं मनापासून वाईट वाटत होतं. घरात एवढं खरं दुःख तिचं एकटीचंच होतं.

आता कामठ्याच्या बाजारात एक रीत आहे. दुकानदाराला ताप असो, मुलीचं लग्न असो, तो चार तास तरी दुकान उघडतोच. सकाळी शटर उघडलंच नाही तर त्याचा अर्थ एकच असतो. आणि तेही बियाण्याच्या हंगामात, मोबाइल बंद! शेजारच्या चहावाल्या रामलालने दहा वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मग घराकडे आला. फाटकातून त्याला एवढंच दिसलं: उंबऱ्यावर रडणारी शामकला आणि तिच्यामागे फरशीवर, पांढऱ्या चादरीतून बाहेर आलेले केशोरावांचे दोन पाय.

अशा वेळी "काय झालं?" असं विचारायचं नसतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. रामलालने लांबूनच हात जोडले, बाजारात परत गेला आणि आपल्या टपरीची फळी खाली टाकली. मग रिवाजाप्रमाणे शेजारच्या दुकानांची शटरंही खाली आली. बाजार बंद दिसला तसे लोक गल्लीत जमू लागले.

नीतूला आधी काही सुचेना. अकरापर्यंत अंगणातल्या कडुलिंबाखाली वीस माणसं उभी होती, सगळी गप्प, सगळी खाली बघणारी. दहावीला तिला पंच्याऐंशी टक्के पडले तेव्हा यातलं कोणीही पेढा मागायलासुद्धा आलं नव्हतं.

"आई, माझे मार्क गावभर सांगितले कोणी?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"मी कायले सांगू बाप्पा?" शामकला हुंदका आवरत म्हणाली. "पन लोकाइले किती माया आहे पाह्य तुझी!"

शेजारची देवकाबाई येऊन शामकलेच्या शेजारी टेकली. तिने शामकलेचा हात हातात घेतला, तिच्या हिरव्या बांगड्यांवरून बोटं फिरवली आणि तिलाच रडू कोसळलं. शामकलेला या रडण्याचा नि बांगड्यांचा संबंध लागला नाही, पण एवढी आपुलकी बघून तीही जास्त जोरात रडली. मग देवकाबाईने नीतूला जवळ ओढलं.

"पोरी, आता धीर धरा लागते. आता घराकडे तुलेच पाहा लागन."

'पुन्हा परीक्षा दे' असं कोणीतरी म्हणेल आणि बाबूजींचं मन फिरेल, हीच एक भीती नीतूला सकाळपासून होती. हे वाक्य तर भलतंच सोयीचं निघालं.

"हो काकी," ती तत्परतेने म्हणाली. "मी उद्यापासूनच दुकानात बसते."

"उद्यापासून?"

"उद्या कशाला, आज दुपारीच उघडते की. बियाणं पडून आहे."

देवकाबाईने तोंडाला पदर लावला. पोरीचं काळीज दगडाचं आहे की सोन्याचं, हे तिला ठरवता येईना. तिने ते शेजारणीच्या कानात सांगितलं, शेजारणीने कडुलिंबाखाली पोचवलं, आणि तिथल्या बाप्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात गल्लीतला मंगरू खांद्यावर दोन ओले बांबू घेऊन फाटकाशी आला आणि ते त्याने गुपचूप भिंतीला टेकवले. नीतूला वाटलं, मांडव घालताहेत. एक्केचाळीस मार्कांसाठी मांडव जरा जास्तच होत होता, पण लोकांची हौस.

आत जाऊन चादर उचलावी असं कोणाच्या मनात आलं नाही. केशोरावांची सख्खी बहीण मंदाबाई दरेकशाला दिलेली होती. तिला फोन गेला होता आणि ती गाडीत बसली होती. बहीण आल्याशिवाय हात लावायचा नाही, असं जाणत्यांनी ठरवलं. कूलर घरघरत होता, चादर वाऱ्याने हलत होती, आणि तिच्या हलण्यात केशोरावांचं घोरणं कोणाला दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं.

साडेअकराला अंगणातली कुजबुज एकदम थांबली. फाटकातून दुधराम आला होता. सोळा वर्षांत त्याने या अंगणात पाय ठेवला नव्हता. टोपी काढून, ती दोन्ही हातांत चुरगाळत तो उंबऱ्यापर्यंत आला आणि पांढऱ्या चादरीकडे पाहत उभा राहिला.

आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. कूलर गुरगुरून बंद पडला. दुधरामचा आवाज त्या शांततेत अख्ख्या अंगणाला ऐकू गेला.

"केशोभाऊ, आता तुमच्यापासी काय लपवू? तो धुरा तुमचाच होता. मोजणीच्या आधी खुट्या मीच सरकवल्या होत्या. मले माफ करजा, भाऊ. लावा तूर, किती लावाची तितकी लावा."

चादर ताडकन उठून बसली.

"ऐकलं का सगळ्याइनं?" चादरीतून केशोरावांचं डोकं बाहेर आलं. "ऐकलं ना? खुट्या यानंच सरकवल्या!"

पुढचं मिनिटभर अंगणात काय चाललं होतं ते नीट सांगता येणार नाही. देवकाबाई तुळशीवृंदावनाला धडकली, मंगरूने स्वतःच आणलेला बांबू संरक्षणासाठी उचलला, आणि दुधराम मात्र जागच्या जागी टोपीसकट गोठला. शामकलेला इतकी माणसं आपल्या नवऱ्याला पाहून का पळताहेत ते कळेना. कळलं तेव्हा तिने आधी नवऱ्याकडे, मग स्वतःच्या बांगड्यांकडे आणि मग देवकाबाईकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर देवकाबाई विसरणार नाही.

"अजी, मंग दुकान काऊन बंद ठेवलं?" रामलालने लांबूनच विचारलं.

"पोरीले एक्केचाळीस मार्क पडले," केशोराव चरफडत म्हणाले.

"एवढ्यासाठी? आमी बाजार बंद केला ना जी!"

लोकांना आनंद झाला होता, यात शंका नाही. पण भर हंगामातला अर्धा दिवस देऊन, बांबू तोडून आल्यावर माणूस जिवंत निघाला की थोडी निराशा होतेच. ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. अशातच मंदाबाईची ऑटो आली. "माह्या दादा गाऽऽ" असा गळा काढत ती फाटकातून धावत आली आणि समोर दादालाच पाहून थबकली.

"जिता आहेस?" तिने विचारलं. होकार मिळाल्यावर तिने भावाच्या पाठीत एक सणसणीत रट्टा घातला. "मंग मले भर उनात कायले आनलं?" एवढं म्हणून ती ओट्यावर बसली आणि आता मात्र ढसाढसा रडली.

इकडे दुधरामला वाचा फुटली होती.

"हे पाहा भाऊ, ते बोलनं मी मुर्द्यासंग बोललो. तुमी जिते आहा. ते बोलनं कटाप."

"कटाप कसं? चाळीस गवाह आहेत!"

"मले धोका देऊन बोलवून घेतलं तुमी. चादर कोनं ओढली होती?"

"माह्या घरात मी चादर ओढीन, नाईतर गादी ओढीन!"

अंगण पुन्हा भरलं. मेलेल्या केशोरावांपेक्षा भांडणारे केशोराव पाहायला गर्दी जास्त झाली. दोघांनी एकमेकांची गचांडी धरायच्या आत रामलाल ओरडला, "अरे, भांडता कायले? घरात वकीलबाई आहे ना. तिले विचारा!"

चाळीस माना नीतूकडे वळल्या. आता 'मला येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. एक्केचाळीस मार्कांचा भक्कम पुरावाही हाताशी होता. पण सकाळपासूनच्या गोंधळाने ती वैतागली होती आणि वैतागलेल्या माणसाच्या तोंडून खरं निघतं.

"काकाजी, तुम्ही बोलले ते बोलले. सगळ्यांनी ऐकलं, बाबूजींना ते कोर्टात सांगता येईल," ती म्हणाली. केशोरावांची छाती फुगली. "पण बाबूजी, काकाजी पण म्हणू शकतात ना, की मी दुःखात होतो, भानावर नव्हतो, बोललो ते धरू नका. मग कोर्टाला दोन्हीकडचं ऐकावं लागेल."

दुधरामने टोपी घातली. पोरीने हरलेली केस परत उभी करून दिली होती.

"म्हणून म्हणते," नीतूने घाईघाईने पुढे दामटलं, "धुरा दोघांचा समजा. यंदा तूर मिळून लावा, अर्धी अर्धी घ्या आणि केस मागे घ्या. वकिलाचं काही कामच नाही."

केशोरावांनी दुधरामकडे पाहिलं, दुधरामने केशोरावांकडे. दोघांच्या चेहऱ्यांवर सारखीच भीती होती. केस मागे घ्यायची? मग तारखेला गोंदियाला जायचं कशासाठी? टपरीवर बसून एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायचा कोणासोबत?

"पोरगी हुशार आहे, भाऊ," दुधराम खाकरून म्हणाला. "दोनी बाजू कशा पटकन मांडल्या तिनं! अन् तुमच्या वकिलाले आता आयकू येत नाई. माह्यावाल्याले दिसत नाई. ते दोघं गेले तर आपन काय करावं?"

"तेच म्हनतो मी," केशोराव म्हणाले.

"एक साल अजून देऊ द्या तिले परीक्षा. तुमाले जमत नसन तर मी पाठवतो क्लासले. माह्याकडून उभी राहीन."

"तुमच्याकडून कायले? माही पोरगी आहे! मीच पाठवतो!"

"पाठवता ना मंग? बोला सगळ्याइच्या समोर!"

"पाठवतो!"

सोळा वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि कडुलिंबाखालच्या चाळीस जणांनी त्याला माना डोलावून मान्यता दिली. नीतूच्या डोळ्यांपुढे मार्कर नाचू लागले. सबंध दिवसात तिला आता पहिल्यांदा खरोखरचं रडू येत होतं.

"बाबूजी, सकाळी तुम्हीच म्हणाले ना? पुढल्या वर्षी परीक्षा नाही, उद्यापासून दुकानात बस. म्हणाले की नाही?"

"ते कायले धरतेस?" केशोराव चादरीची घडी घालत समजुतीच्या स्वरात म्हणाले. "मी दुःखात होतो, बेटा. भानावर नव्हतो. कोर्टाले दोन्हीकडचं आयका लागते."

सकाळच्या त्या वाक्याला साक्षीदार एकच होता. नीतूने वळून आईकडे पाहिलं. शामकलेने डोळे पुसले, मुलीची नजर चुकवली आणि चाळीस माणसांचा चहा ठेवायला ती आत निघून गेली.