एका वीरगळाचे अकरा पंचनामे

ही हकीकत कोणाला खरी वाटणार नाही, आणि त्याला इलाज नाही, कारण तिची दफ्तरी रीतसर नोंद झालेली आहे.

दगड शेतात पडून असतो तोवर तो दगडच असतो. कामात आडवा आला की त्याचं प्राचीनत्व सिद्ध होतं. राणीसावरगावच्या अलीकडं बन्सीधरची विहीर सहा हातांवर आली आणि फावडं ठण्णकन वाजलं. निघाला वीरगळ. खाली घोडा, मधे तलवार उगारलेला गडी, वर चंद्र-सूर्य. रिवाजाप्रमाणं त्याला आंघोळ घातली, शेंदूर फासला. शेजारच्या बायनाबाईनं नारळ फोडला तो नेमका वीराच्या तोंडावर. (नाकाचा टवका खोबऱ्यात मिसळला, प्रसाद कोणाच्या वाट्याला गेला, नोंद नाही.)

इतक्यात पाषाण-नोंद कार्यालयाचा नियम कानावर आला: मोठ्या साहेबांच्या पाहणीत दगड ज्या शेतातला ठरेल, तिथं पुढील आदेशापर्यंत खोदकाम बंद. (पुढील आदेश आजवर कोणी पाहिलेला नाही.) मृग तीन आठवड्यांवर होता. पाऊस पडला की अर्धी विहीर ढासळणार.

बायको रेणुका म्हणाली, "वारसा हाय म्हनं. जपा त्याला."

"जपायलोच की," बन्सीधर म्हणाला, "पन रंगनाथच्या शेतात."

दुपारी गाव जेवून आडवं झालं, तेव्हा त्यानं दगड ट्रॉलीत घालून रंगनाथच्या बांधावर उभा केला आणि जागरूक नागरिक म्हणून कार्यालयाला फोन लावला. पंचनामा झाला. रंगनाथला बोअर घ्यायचं होतं. त्यानं ताजा शेंदूर फासून दगड गोपाळच्या शेतात नेला आणि तोही जागरूक झाला. अठरा दिवसांत गावात अकरा माणसं जागरूक झाली. एवढी जागृती शाळेनंही केली नव्हती.

दर मुक्कामी शेंदराचा थर चढत गेला, म्हणून अहवालात अकरा वेगळे वीर आले. पहिला सडपातळ, सहावा बाळसेदार, अकरावा पोट सुटलेला. यावरून इथं अकरा पिढ्यांचं राज्य होतं आणि त्याची सतत भरभराट होत गेली, असं अनुमान निघालं. (घोडाही भरत गेला. शेवटच्या नोंदीत तो हत्ती आहे.)

अकरावं शेत बायनाबाईचं. तिला संडासाचा खड्डा घ्यायचा होता. पण तिच्याकडं ना ट्रॉली, ना फोन. दगड तिथंच थांबला, आणि मोठे साहेब आले.

"बाकीचे दहा कुठायत?" साहेबांनी विचारलं.

बन्सीधरनं हात जोडले. "जुनी मान्सं, साहेब. आदले दहा गेले, तवाच ह्यो गादीवर आला."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "आणि हा सापडला याच शेतात?"

"हितलाच हाय. लय पुराना."

उरलेल्या दहा जागरूक नागरिकांनी मान डोलवली. (हसू नका. दगड तुमच्या बांधावर आला असता, तर तुम्हीही फोन लावलाच असता.) साहेबांनी सहीसाठी पेन उघडलं.

बायनाबाईला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळं तिला पहिल्यापासून एकच दगड दिसत होता. तिनं कमरेचा विळा काढला आणि वीराचं तोंड खरवडायला घेतलं. अकरा पापुद्रे पडले. खाली टवका उडालेलं नाक निघालं.

"खोटं बोलायलाय मेला!" ती कडाडली. "बन्सी, ह्याचं नाक म्याच फोडलं, तुह्या हिरीवर!"