कोणाच्या झाडाचं जांभूळ?

भास्कर मापारी वाइन प्यायला घरी बोलावतो आणि पिऊ देत नाही.

दर शनिवारी दिवेलागणीला मी आणि इंगळे त्याच्या गच्चीवर हजर होतो. तो ग्लासात बोटभर वाइन ओततो, ग्लास गोल गोल फिरवायला लावतो, नाक आत घालायला लावतो आणि मग फौजदारानं विचारावं तसं विचारतो, "कशाचा वास येऊन राह्यला?" उत्तर पसंत पडेपर्यंत घोट मिळत नाही. "आधी नाक, तोंड मंग," हे त्याचं ब्रीदवाक्य.

पहिल्या शनिवारी इंगळे म्हणाला, "चांगला येऊन राह्यला."

"चांगला हा काही वास नसते. नीट सांग."

इंगळेचं कृषी सेवा केंद्र आहे. जन्म कीटकनाशकांच्या डब्यांत गेल्यामुळे त्याच्या नाकाला त्यापलीकडचं जग ठाऊक नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, न पाहिलेल्या गोष्टी ठामपणे सांगायची मला सवय आहे. मी म्हणालो, "जांभूळ."

"कोणाच्या झाडाचं?"

"म्हणजे?"

"कोणाच्या वावरातलं? झाडावरचं का खाली पडून फुटलेलं? पाऊस पडायच्या आधीचं का नंतरचं?"

त्या जांभळाचा सातबारा काढून दिला तेव्हा कुठे माझ्या घशाखाली एक घोट गेला, आणि तोही आंबट निघाला.

आम्ही तिघं देऊळगाव राजाच्या एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. भास्कर पुढे वीज खात्यात साहेब झाला, शेवटची बरीच वर्षं नाशिकला काढली आणि निवृत्त होऊन गावी परतला तो हे वाइनचं खूळ घेऊनच. तिकडे म्हणे वाइनवाल्यांची एक मंडळी होती, त्यांच्या बैठका व्हायच्या. आमच्याकडे वाइन शॉपमध्ये वाइन सोडून सगळं मिळतं. भास्करनं तिथं जाऊन वाइन मागितली तेव्हा मालकानं "क्वार्टर देऊ का हाफ?" असं अगदी आदरानं विचारलं. तेव्हापासून त्याचा भाचा नाशिकहून बाटल्या आणतो. त्या कूलरच्या टाकीत झोपवलेल्या असतात. उन्हाळ्यात घरच्या माणसालाही इतका गारवा मिळत नाही. अर्थात घरात दुसरं माणूस नाहीच. वहिनी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेल्या, तो नातू शाळेत जायला लागला तरी तिकडेच आहेत.

वासाचं हे वेड गच्चीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. जानेफळला इंगळेच्या पुतण्याचं लग्न होतं. पंगतीत भास्करनं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, वरणाले वास कशाचा येऊन राह्यला?" म्हाताऱ्यानं वरण हुंगलं, भास्करच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहिलं आणि पत्रावळ पुढे सारली. वरण उतरल्याची बातमी वाढप्यांच्या आधी पंगतभर फिरली. नवरीचा बाप हात जोडून आला. भास्कर त्याला म्हणाला, "तसं नाही हो, मी फक्त विचारून राह्यलो होतो." इंगळे त्यानंतर महिनाभर त्याच्याशी बोलला नाही, पण शनिवारी येत होता. फुकटची वाइन वाईट गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र इंगळेनं बरोबर हेरली. भास्कर स्वतः कधी वास सांगत नसे. आमचं ऐकायचा, डोळे मिटून मान हलवायचा आणि "हं, अजून सांग" म्हणायचा. इंगळे मला म्हणाला, "यालेच काही समजत नाही बे. आपल्याले उल्लू बनवून राह्यला. थांब, याची परीक्षा घेऊ."

परीक्षा साधी होती. भास्कर पाण्याची मोटर बंद करायला खाली गेला, तेवढ्यात इंगळेनं त्याच्या ग्लासात हिंगाची डबी उपडी केली. गच्चीवर असा दर्प सुटला की शेजारच्या गच्चीवरची बाई वळून पाहायला लागली. भास्कर वर आला, बसला. इंगळे म्हणाला, "आज पहिले तू सांग."

भास्कर जरा घुटमळला. मग त्यानं ग्लास फिरवला, नाक पार आत घातलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "जांभूळ."

वर एक घोटही घेतला. "आजची उत्तम आहे," म्हणाला.

इंगळे हसता हसता खुर्चीवरून घसरला. मीही पोट धरून हसलो. "हिंग आहे लेका, हिंग! आख्खी डबी!" भास्करनं ग्लास खाली ठेवला, आमच्याबरोबर थोडं हसला आणि मोटर पाहून येतो म्हणून पुन्हा खाली गेला. मोटर तर मघाशीच बंद झाली होती.

परतताना इंगळेनं निकाल दिला. "पुढच्या शनिवारपासून आपण ढाब्यावर. बीअर अन् अंडाभुर्जी. हुंगायची भानगडच नाही." मला पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर राहिलेला चष्मा आणायला मी भास्करकडे गेलो. खरं म्हणजे अजून थोडं चिडवायचं होतं. फाटकातच दूध करपल्याचा वास नाकात घुसला. ओसरीत भास्कर निवांत पेपर वाचत बसला होता. मी तसाच आत धावलो, गॅस बंद केला. पातेलं तळापर्यंत काळं झालं होतं आणि स्वयंपाकघरात डोळे चुरचुरत होते. भास्कर मागून आला. पातेल्याकडे बघत उभा राहिला.

"तुले वास नाही आला?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"नाही येत," तो म्हणाला. "नाशिकले ताप आला होता, त्यात गेला. डॉक्टर म्हणे येईन, पण आला नाही."

मी धूर जायला खिडकी उघडली.

"तिथल्या मित्रायले सांगितलं होतं मी. माणसं चांगली होती रे. पण मंग माह्यासमोर ग्लास हुंगाले त्यायले कसंतरी वाटे. हळूहळू बोलावणंच बंद झालं." त्यानं पातेलं नळाखाली धरलं. "इंगळेले सांगू नको. त्याले दया आली का तो माह्यासाठी काहीबाही गोड सांगन. नीट सांगितलं, कोणाच्या झाडाचं, कोणत्या दिवसातलं, तर मले कधीकधी येते. थोडासाच, पण येते. तुम्ही दोघं नुसतं जांभूळ सांगता. जांभूळ मले पाठ झालं आता."

हिंगाच्या ग्लासात नाक घालून तो जांभूळ का म्हणाला, ते मला त्या वेळी समजलं. आम्ही दोन वर्षं त्याला तेवढंच दिलं होतं. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

इंगळेला मी काही सांगितलं नाही. "या शनिवारी ये, भुर्जी गच्चीवर आणू," एवढंच म्हणालो. भुर्जीसाठी तो कुठेही येतो.

शनिवारी भास्करनं बाटली उघडली. हिंगाच्या प्रकारानंतर इंगळे येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. वाइन ओतून झाली तरी तो काही विचारेना. मग मीच ग्लास उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रामाणिकपणे हुंगला. त्यात जांभूळबिंभूळ काही नव्हतं.

"रबर," मी म्हणालो.

"काय?"

"खरं सांगतो. पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येऊन राह्यला."

इंगळे फिसकन हसला, पण त्यानंही ग्लास नाकाला लावला आणि थबकला. "हाव बे. रबरच आहे."

भास्कर पुढे सरकून बसला. "कोणाच्या दुकानातलं?"

"सलीमभाईच्या," मी म्हणालो. "स्टँडच्या मागच्या. दुपारची शाळा सुटल्यावर."

"ते ट्यूब घासून सोल्यूशन लावत अन् फुंकर मारत," इंगळे म्हणाला. "आपण तिघं डोकं लावून पाहात बसू. घमेल्यातलं पाणी मातकट राहे, त्याचाही येऊन राह्यला थोडा."

भास्करनं डोळे मिटले. ग्लास त्याच्या हातात होता, पण नाकाजवळ नेला नव्हता. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. खाली रस्त्यावरून जालन्याची एसटी गेली.

"आला," तो म्हणाला.